पायानं सारलेले पुडे

मुनशीनं ते पुडे हातानं बाजूला काढले असते, तर मी कदाचित विसरलोही असतो. त्यानं ते पायानं सारले. चपलेच्या टोकानं, एकेक करत, तोंडानं मोजणी चालूच ठेवून.

मी तेव्हा भामरागड तालुक्यात आरोग्यसेवक होतो. लोक डॉक्टर म्हणायचे. नाही म्हणून सांगायचा नाद मी लवकरच सोडला. मूळचा आरमोरीकडचा, म्हणजे धान, मंडई आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं. माडियांचं गाव मला माझ्याच जिल्ह्यात असून परकं होतं. हेमलकशाच्या अलीकडे, आलापल्लीच्या रस्त्यावरून आत वळलं की ते गाव. रेंज नाही, रस्ता नाही, हिवताप आहे, हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार, त्यात शिरत नाही.

2022 च्या मे महिन्यात पुण्याहून मावसभाऊ आणि वहिनी आले. ताडोबाची सफारी करूनच आले होते. मोहर्लीच्या गेटमधून आत गेल्यावर वाघीण कशी अगदी जिप्सीसमोरून गेली, हे आलापल्ली येईपर्यंत ऐकलं. त्याच वाघाच्या भीतीनं सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडच्या बाया तेंदूच्या दिवसांत घोळक्यानं जंगलात जातात, हे मी सांगितलं. भाऊ ‘हो का’ म्हणाला आणि फोटो पुढे सरकवला. मग आपण यजमान, दाखवायचं ते सगळं दाखवलं. आलापल्लीचं वनवैभव, जिथं सागाचा शेंडा बघायला मान पार मागे टाकावी लागते. कमलापूरचे हत्ती. 1973 मध्ये बाबा आमट्यांनी हेमलकशाला सुरू केलेला लोक बिरादरी प्रकल्प. आणि शेवटी भामरागडचा संगम: इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम. तिन्ही नद्या उन्हाळ्यात अशा निवांत असतात, की ह्याच पावसाळ्यात गावात शिरतात यावर विश्वास बसू नये. पलीकडे छत्तीसगडचे डोंगर. वहिनी तिथून उठायलाच तयार नव्हत्या. खरं सांगतो, मलाही अभिमान वाटला, जणू संगम मीच घडवला होता.

परतताना संध्याकाळी फळीवर थांबलो. फळी म्हणजे तेंदूपत्ता जमा करण्याची जागा. हंगामात सगळं गाव तिथं एका वेळी सापडतं, म्हणून रक्ताच्या काचपट्ट्या घेऊन मी तिथंच जायचो. भल्या पहाटे जंगलात जायचं, ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची, दुपारभर घरातल्या लहानथोरांनी बसून पुडे बांधायचे. एका पुड्यात सत्तर पानं. सत्तर म्हणजे सत्तर, आणि पान कोवळं नको, जाड नको, भोक पडलेलं नको. संध्याकाळी डोक्यावरून फळीवर आणायचे, रांगेत मांडायचे, ठेकेदाराचा मुनशी मोजतो. भाव शेकड्याचा.

त्या दिवशी एक आश्रमशाळेतली मुलगी आणि तिची आई रांग मांडून उभ्या होत्या. मुलगी सुट्टीत घरी आलेली, बोटं पानांच्या चिकानं काळी पडलेली. मुनशी मोजत आला आणि पाय सुरू झाला. हा बारीक. हा ढिला. हा नको. कारण विचारायची सोय नव्हती, कारण तो वाकून बघतच नव्हता. उभ्या उभ्या, चालता चालता, सत्तर पानांतलं भोक त्याला कसं दिसत होतं? मुलीनं सारलेला एक पुडा उचलून परत रांगेत ठेवला. त्यानं तोच पुन्हा सारला, या वेळी जरा जोरात. सालीची दोरी सुटली आणि पानं पसरली. ती बसून पानं गोळा करू लागली. तेवढ्यात मोजणी पुढच्या रांगेवर गेली होती.

इथवर ठीक, असं म्हणणारे भेटतात मला. मालात खोट असेल तर व्यापारी काढणारच. पण सारलेले पुडे घरी कुणी नेत नाही. तोडलेलं पान घरी नेऊन करायचं काय? ते तिथंच कडेला राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम फळीवर गेलो. कडेला एकही पुडा नव्हता. वाळत घातलेल्या रांगा मात्र एकसारख्या, सलग. नापास झालेलं पान रात्रीतून पास झालं होतं, फक्त मुलीच्या मोजणीच्या कार्डावर चढलं नव्हतं.

माझा संताप झाला तो आणखी एका गोष्टीनं. ही काही जुन्या काळासारखी कुठल्या साहेबाच्या मर्जीवरची फळी नव्हती. पेसा कायदा 1996 चा, राज्याचे नियम 2014 चे. तेंदू आता ग्रामसभाच विकते. ठेकेदार हा नुसता गिऱ्हाईक. याच जिल्ह्यात मेंढा-लेखाला 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये त्यांनी स्वतःच्या वाहतूक पासावर बांबू बाहेर काढला. आणि इथं, गावाच्याच जमिनीवर, गिऱ्हाईकाचा माणूस मालकाच्या मालाला चप्पल लावतो! त्या संध्याकाळी ग्रामसभेचा पोरगा वही घेऊन मुनशीच्या शेजारीच उभा होता. मुनशी ओरडेल तो आकडा लिहीत होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, “सर, भांडलो आणि पुढच्या साली ठेकेदारच आला नाही तर? पान झाडावरच वाळल.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मुलीच्या आईकडे वळलो तर ती बोट पुढे करून म्हणाली, “डागदर, तू रक्त घे.” माडिया माणूस मराठीत कलेक्टरलाही तूच म्हणतो. मी रक्त घेतलं.

भाऊ तोवर वाळवणाचे फोटो काढत होता. रात्री जेवताना म्हणाला, किती शांत आयुष्य आहे रे या लोकांचं, ना घाई ना हाव. मी जे बोललो ते पाहुण्याशी बोलू नये. वहिनींनी विषय बदलला. पण नंतर वाटत राहिलं की याच तालुक्याला लोक नुसतं नक्षल आणि हिवताप म्हणून ओळखतात, तेव्हाही मला तितकाच राग येतो. बघायला या म्हणावं की येऊ नका म्हणावं, याचा माझा निकाल लागलेला नाही. यायचं तर डिसेंबर-जानेवारीत या, बिनागुंड्याचा धबधबा बघायचा तर लाहेरीपुढे पाय भक्कम हवेत, आणि माणसांचे फोटो विचारून काढा. मोहाचे दिवस बघितले तर आणखी बरं. हे मी सगळ्यांना सांगतो. म्हणजे बोलावतोच, नाही का?

तेंदूचे पैसे बँकेत जमा होतात आणि बँक भामरागडात. त्या जुलैत पर्लकोटेचा ठेंगणा पूल पुन्हा पुन्हा पाण्याखाली गेला. खात्यावर पैसे आणि मध्ये नदी. मुलीची आई दोनदा हेमलकशापर्यंत चालत येऊन परत गेली. त्याच आठवड्यात, कशीबशी रेंज असताना, भावाचा फोन आला: संगमाला पूर आलाय म्हणे, एखादा व्हिडिओ पाठव ना. मी छत्री धरून पुलाच्या अलीकडून काढला आणि पाठवला. त्यानं तो पुण्यातल्या सगळ्या नातेवाइकांना दाखवला. आता दिवाळीनंतर आठ-दहा जण यायचं म्हणतात. राहायची सोय आलापल्लीत करू, असं मी कळवलंय.