साइड देऊ नका, मामा

आमच्याकडे गाडी शिकवताना गिअरच्या पाठोपाठ साइड द्यायला शिकवतात. मागून कोणी घाईत आला की डावीकडे दाबायचं, जमलं तर खिडकीतून हात हलवून ‘निघ बाबा’ म्हणायचं. साइड न देणारा तो माजलेला, असा भडगावपासून जळगावपर्यंतचा अलिखित कायदा आहे. आमच्या रस्त्याला आता 753 जे असा राष्ट्रीय महामार्गाचा नंबर मिळालाय, पण वर्दळ तीच. कापसानं फुगलेली ट्रॉली, टायरची बैलगाडी, एसटी, कजगावकडचा केळीचा आयशर, ट्रिपल सीट फटफटी आणि या सगळ्यांना कापत जाणारी एखादी पांढरी स्कॉर्पिओ. मी विमा एजंट. या रस्त्यावर कोण कोणाला घासलं, याच्या कागदांवर माझी चूल पेटते. ओव्हरटेक कसा करावा आणि चूक कोणाची, हे दोन विषय मला या वयात कोणी नव्यानं शिकवील असं वाटलं नव्हतं.

दिवाळीत पुण्याहून भाचा आला, तो कपड्यांच्या बॅगेपेक्षा मोठं खोकं घेऊन. खोक्यात स्टिअरिंग आणि पेडल. स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाला शिकंज्यानं आवळलं, पेडल खाली फरशीवर ठेवलं. ब्रेक जोरात दाबला की पेडल सरकत थेट भिंतीपर्यंत जायचं. शेवटी त्याच्यामागं दादर ज्वारीचं पोतं टेकवलं, तेव्हा कुठं ते जागेवर राहिलं. आई म्हणाली, ‘दादर खायची सोडून हे काय?’ भाच्यानं माझ्या नावानं आयरेसिंग या ऑनलाइन रेसिंगच्या सेवेत खातं उघडलं, त्याच्या हॉस्टेलमधल्या मित्रांच्या खाजगी शर्यतीत मला घुसवलं आणि कानाला हेडफोन लावला. ट्रॅक होता फ्रान्समधला ली माँ, जिथं खरी चोवीस तासांची शर्यत होते.

माझा गोंधळ इथूनच सुरू झाला. मला वाटलं होतं, शर्यत म्हणजे सगळ्या सारख्या गाड्या. इथं एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या जातींच्या गाड्या एकदमच सोडतात. वरच्या वर्गात हायपरकार, म्हणजे निव्वळ शर्यतीसाठी जन्मलेल्या. खालच्या वर्गात जीटी3, म्हणजे शोरूममध्ये दिसणाऱ्या पोर्शे-फेरारीवरून बेतलेल्या. ली माँला तर मध्ये एलएमपी2 हा आणखी एक वर्ग असतो. प्रत्येक वर्गाची शर्यत वेगळी, बक्षीस वेगळं, रस्ता मात्र एकच. ली माँची एक फेरी 13.626 किलोमीटरची. ती हायपरकार साधारण साडेतीन मिनिटांत काढते, जीटी3 ला चार मिनिटांच्या आसपास लागतात. म्हणजे दर सात-आठ फेऱ्यांनी तीच हायपरकार पुन्हा तुमच्या मागं येऊन उभी. अशा गाड्या डझनावारी असल्या, की आरशात सतत कोणाचे ना कोणाचे दिवे.

मला जीटी3 मधली पोर्शे दिली होती. सरळ रस्ता लागला. पूर्वी हा सहा किलोमीटर सलग सरळ होता. 1990 मध्ये त्यात दोन ठिकाणी शिकेन घातल्या. शिकेन म्हणजे वेग मोडायला मुद्दाम घातलेली वळणं. पुढच्या शिकेनला आधी डावीकडे वळायचं होतं, त्यामुळे मी उजव्या बाजूनं चाललो होतो. आरशात दिवे लुकलुकले. भला माणूस म्हणून मी डावीकडे दाबलं.

पुढचं काही नीट दिसलं नाही. कानात एका गोऱ्याचा आवाज ‘कार लेफ्ट’ म्हणाला, स्टिअरिंगनं मनगटाला झटका दिला आणि पोर्शे उलटी होऊन आकाश दाखवू लागली. हेडफोनमध्ये कोणीतरी ओरडलं, ‘अरे, मामांनी दार बंद केलं!’

‘साइड देत होतो ना भो मी त्याला!’

‘मामा, साइड द्यायचीच नाही,’ भाचा म्हणाला. ‘तुम्ही तुमची लाइन धरा. तुम्ही कुठून जाणार हे त्याला माहीत असतं. तो त्याची वाट शोधतो.’

हे पचायला मला वेळ लागला. तत्त्व असं, की ओव्हरटेक करणाऱ्यावरच जबाबदारी. पुढच्यानं काय करायचं? काहीच नाही. सरळ असेल तर सरळ, वळणाला नेहमीची वाट, ब्रेक नेहमीच्या जागी. वेगवान गाडीचा ड्रायव्हर हे सगळं गृहीत धरून आत घुसतो. तिचे ब्रेक जास्त तिखट आणि हवेचा दाब तिला रस्त्याला जास्त चिकटवून ठेवतो, त्यामुळे ती वळणाजवळ माझ्यापेक्षा कितीतरी उशिरा ब्रेक लावते. मी डावीकडे सरकलो, त्या क्षणी तिनं डावी बाजू आधीच धरली होती. दिवे लुकलुकवणं म्हणजे ‘बाजूला हो’ नव्हे, ‘मी आहे’ एवढंच. आमच्याकडे समोरचा डिपर मारतो तेव्हा त्याचा अर्थ ‘मी थांबणार नाही, तू थांब’ असा असतो. निळा झेंडाही तसाच फसवा. फॉर्म्युला वनमध्ये तो दिसला की मागच्याला जाऊ द्यावंच लागतं, नाहीतर दंड. आयरेसिंगमध्ये तो फक्त कळवतो.

खरी मदत करायचीच असेल तर एकच मार्ग, भाचा म्हणाला: सरळ रस्त्यावर, गाडी बाजूला आली की थोडा ॲक्सिलरेटर सोडा. आणि पोर्शे कर्व्हज नावाची जी सलग वळणं आहेत तिथं कोणी मागं लागलं तरी दबून जायचं नाही. तिथं घुसणारा मूर्ख, वाट देणारा त्याहून मूर्ख.

शर्यतीनंतर मी हिशेब मागितला: चूक कोणाची धरली? उत्तर आलं, दोघांना चार-चार गुण. रस्ता सोडून चाकं बाहेर गेली तर एक, गाडी फिरली तर दोन, दुसऱ्या गाडीला धडकलात तर चार. मारणाऱ्यालाही आणि मार खाणाऱ्यालाही. संगणक पंचनामा करत बसत नाही. भाच्याच्या मित्रांना हा अन्याय वाटतो. मला मात्र घरच्यासारखं वाटलं. दोन्ही गाड्यांचा फुल विमा असला की कंपन्या बहुधा आपापल्या गाडीचा खर्च आपण उचलतात. धंद्यात त्याला नॉक फॉर नॉक म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 मध्येही, 2019 च्या दुरुस्तीनंतर, मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, समोरच्याची चूक सिद्ध न करता. चूक शोधायची म्हटली की साक्षीदार, नकाशा, तारखा आल्या. तोवर माणसाला पैसे लागतातच ना?

पण पोरांचा मुद्दाही खोटा नाही. त्यांनी रिप्ले दाखवला, मी क्लेम फॉर्मच्या भाषेत जबाब लिहून दिला (‘अर्जदार आपल्या बाजूने जात असता...’), आणि मग मी ली माँचे जुने अपघात वाचत सुटलो. 11 जून 1955 चा अपघात तर कोणत्याही ट्रिब्युनलला घाम फोडील. माइक हॉथॉर्नच्या जॅग्वारनं लान्स मॅक्लिनच्या हळू ऑस्टिन-हीलीला मागं टाकलं आणि लगेच पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्यांच्या थांब्यावर, जाण्यासाठी ब्रेक लावला. मॅक्लिन त्याला चुकवायला डावीकडे वळला, तिकडून पिएर लेव्हेगची मर्सिडीज प्रचंड वेगात येत होती. मर्सिडीज ऑस्टिनवर चढली, बांधावर आपटून फुटली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. लेव्हेगसह 80 हून जास्त माणसं गेली. शर्यत थांबवली नाही, कारण हजारो लोक एकदम बाहेर पडले असते तर रुग्णवाहिकांचा रस्ता तुंबला असता, असं आयोजकांचं म्हणणं. हॉथॉर्नच जिंकला.

मी तिघांवरही बोट ठेवून पाहिलं. हॉथॉर्ननं ब्रेक लावला, मॅक्लिननं लाइन सोडली, लेव्हेग मागून आला. ‘लाइन धरा’ हे मॅक्लिनला सांगून काय उपयोग होता, त्याच्या नाकासमोर जॅग्वार उभी राहत होती. फ्रेंच चौकशीनं कोणाही एका ड्रायव्हरला दोषी धरलं नाही. दोष गेला ट्रॅकच्या व्यवस्थेकडे: पिट आणि ट्रॅक यांच्यात आडभिंत नाही, तिथं रस्ता अरुंद, प्रेक्षक जवळ. आमच्याकडच्या किती पंचनाम्यांत रस्त्याच्या आखणीला आरोपी केलेलं मी पाहिलंय? एकाही नाही.

उलट बाजूही सापडली. 2011 मध्ये रात्री माइक रॉकनफेलरची ऑडी एका हळू फेरारीला लागून चक्काचूर झाली, तेव्हा पंचांनी त्या फेरारीच्या हौशी ड्रायव्हरला उरलेल्या शर्यतीत गाडीवर बसू दिलं नाही. ‘मोठी गाडी ती दोषी’ हा आपला रस्त्यावरचा न्याय तिथं चालत नाही. पुढच्याच वर्षी अँथनी डेव्हिडसनची टोयोटा अशीच एका फेरारीला लागून हवेत उलटली आणि त्याच्या मणक्याची दोन हाडं मोडली. त्याच 2012 च्या शर्यतीत करुण चांढोक हा ही शर्यत धावणारा पहिला भारतीय ठरला. त्याची गाडी एकूण क्रमवारीत सहावी आली. सहाव्या नंबरापेक्षा, एवढ्या गर्दीत हळू गाड्यांना ओलांडत ती शेवटपर्यंत पोचली याचंच मला अप्रूप वाटतं.

आपला कायदाही, वाचून पाहिला तर, पोरांच्याच बाजूचा निघतो. 2017 च्या ड्रायव्हिंग विनियमांप्रमाणे ओव्हरटेक उजवीकडून, पुढचं नीट दिसत असेल तरच करायचा. ज्याला ओलांडलं जातंय त्यानं वेग वाढवायचा नाही. 2018 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं मागून धडकलेल्या गाडीकडेच बोट दाखवलं, कारण पुढच्या वाहनापासून पुरेसं अंतर राखणं हे मागच्याचं काम. फरक एवढाच की आमच्या रस्त्यावर लाइन धरायची कोणती, हेच कोणाला माहीत नाही. खड्डा चुकवायला एसटी उजवीकडे येते, ट्रॉलीला मागचे दिवे नाहीत, बैलांना आरसा नाही. अशा ठिकाणी साइड देणं हाच एकमेकांशी बोलण्याचा मार्ग उरतो. म्हणून तो माझ्या हातात इतका मुरलाय की मेंदू ‘उजवीकडेच राहा’ म्हणतो आणि मनगट डावीकडे जातं.

आता पोरं सहा तासांची शर्यत ठरवताहेत, एका गाडीवर तिघं-चौघं आळीपाळीनं. मी तयार आहे. पोतं तेच, टेबल मात्र पाटाच्या तुकड्यांनी पक्कं केलंय. दोन अटी घातल्यात: लाइट जाते त्या वेळेत माझी पाळी नको, आणि अंधारातला तास दुसऱ्या कोणालातरी द्या.