यवतेश्वरचा घाट आणि माझं घड्याळ



मीरा रोडच्या शांती नगरमध्ये राहणाऱ्या माणसाला चढ भेटतो तो फक्त स्टेशनच्या पुलावर. बाकी सगळं सपाट. मिठागरं आणि खाजणांच्या या भागात डोंगर कुठून येणार? त्यामुळे धावायला लागले तेव्हा पहाटे सेक्टरांभोवती चकरा मारत मी आधी पाच, मग दहा किलोमीटरपर्यंत पोचले. एका किलोमीटरला साडेसात मिनिटं. हा आकडा मला पाढ्यासारखा पाठ झाला होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा गर्वही होता.

साताऱ्याची मावसबहीण म्हणाली, "सपाटीवर काय पळतेस? आमच्या हिल मॅरेथॉनला ये."

ही शर्यत 2012 मध्ये सुरू झाली. आता तिथे बाहेरगावचे धावपटू खूप येतात, तरी सातारकरांसाठी ती घरचीच. अंतर 21 किलोमीटर. शहरातून निघायचं, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, वर कासच्या रस्त्याने थोडं जाऊन वळायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. मी नाव नोंदवलं. सरावाला डोंगर नाही म्हणून आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीचा जिना रोज दहा वेळा चढायला लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा दार उघडून विचारलं, "पाणी गेलंय का गं?" रविवारी घोडबंदर किल्ल्याचा चढ. पण तो दम लागायच्या आतच संपतो.

त्याच दिवसांत माझ्या तिसरीच्या वर्गात वाचनाच्या चाचण्या चालू होत्या. निपुण भारतमध्ये तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे, हे आपल्याला माहीत आहेच. मी मोबाईलवर वेळ लावून एकेकाला वाचायला बसवत होते. एक मुलगा 31 वर अडकला. घरी भोजपुरी बोलतात. मोबाईल टेबलावर ठेवला की त्याचा आवाजच बारीक व्हायचा. मी प्रगतिपत्रकात लिहिलं : 'वाचन संथ. सराव आवश्यक.' त्याची आई सभेला आली तेव्हा तेच वाचून दाखवलं. ती म्हणाली, "टीचर, घर में तो बहुत बोलता है." मी मान डोलावली आणि पुढच्या पालकांना बोलावलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी बारीक पाऊस होता. शहरातून जाताना दोन्ही बाजूंना लोक उभे, टाळ्या वाजवत होते. मी साडेसात मिनिटांच्या हिशोबात आनंदाने पळत होते. मग घाट लागला. दोन-तीन वळणांनी घड्याळात पाहिलं तर किलोमीटरला अकरा मिनिटं! मी घाबरून जोर लावला. पुढच्या वळणावर छाती भरून आली, पोटात कळ आली आणि मी कठड्याला धरून उभी राहिले.

बाजूने एक आजोबा दुडक्या चालीने आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, घड्याळ काय बघताय सारखं? चढ हाय हा. पावलं बारीक टाका. बोलता आलं पायजे, तेवढंच पळायचं." आणि गेले पुढे.

आजोबांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. सपाटीवर शरीर पुढे न्यायचं असतं, चढावर तेच वजन प्रत्येक पावलागणिक वर उचलायचं असतं. हृदय तेवढंच किंवा जास्तच काम करतं, अंतर मात्र कमी कापलं जातं. म्हणून जाणकार धावपटू चढावर वेग बघत नाहीत, श्वास बघतात. माझं घड्याळ मिनिटं बरोबर दाखवत होतं. फक्त आपण घाटात आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं.

आणि तिथेच, पावसात, मला ते 31 आठवले. डीएडला 'वैयक्तिक भिन्नता' या घटकावर मी चांगलं दोन पानी उत्तर लिहिलं होतं, तेही आठवलं. घड्याळ काढून खिशात टाकलं. पुढचा घाट निम्मा पळत, निम्मा चालत चढले.

उतार सोपा असेल असं वाटलं होतं. तसं काही नसतं. उतरताना मांड्यांचे स्नायू ब्रेकचं काम करतात, ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि त्याची वसुली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. सोमवारी शाळेचा जिना मी खेकड्यासारखी आडवी उतरले. मुलं खूश!

वर्गात पहिला प्रश्न आला, "बाई, कितवा नंबर?" मी म्हटलं, "मोजताच येणार नाही इतका मागचा." मागे याच वर्गाला मी ललिता बाबरची गोष्ट सांगितली होती. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची, मोही गावची ती मुलगी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. तेव्हा एका मुलीने काळजीने विचारलं होतं, "दहावी आली म्हणजे नापास का?" आपण त्यांच्या डोक्यात काय भरतो बघा.

मधल्या सुट्टीनंतर त्या मुलाला जवळ बसवलं. मोबाईल पर्समध्येच ठेवला. तो वाचायला लागला आणि 'विहीर' या शब्दापाशी थांबला. एरवी मी लगेच शब्द सांगून मोकळी व्हायचे. शब्द तर त्याने अचूक वाचला होता, मग थांबला का? मी गप्प राहिले. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, "इनार?" मला कळेना. मग त्याने माझ्यासाठी सोपं करून सांगितलं, "कुआँ, बाई."

म्हणजे वाचताना तो प्रत्येक अनोळखी मराठी शब्द भोजपुरीत नेऊन बघत होता, आणि मला कळावं म्हणून वर हिंदीतही आणत होता. बाकीची मुलं सपाटीवर पळत होती.

60 शब्दांची अपेक्षा चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. वाचन फारच अडखळत झालं तर वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरते, अर्थ हातात राहत नाही. वेग हवाच. पण आता वाचनाआधी आम्ही धड्यातले अवघड शब्द तोंडी बोलून घेतो. त्याच्या वहीत मागच्या पानावर दोन रकाने आहेत, 'शाळेत' आणि 'घरी'. 'घरी'चा रकाना आई सांगते, तो लिहितो. विहीरसमोर इनार आहे. मला त्यातले निम्मे शब्द नवीन आहेत.

पुढच्या चाचणीत त्याचे 38 शब्द झाले. आकडा तोच भरला, दुसरा भरता येत नाही. शेऱ्यात मात्र या वेळी लिहिलं : 'वाचलेलं समजतं. उत्तर स्वतःच्या शब्दांत सांगतो. अडलेल्या शब्दाचा अर्थ स्वतः शोधतो.' आईला तो शेरा त्यानेच वाचून दाखवला. 'स्वतःच्या'वर अडखळला. मी थांबले, आईही थांबली.