आसगावचा बोंडू

फोंड्याहून आसगाव तसं लांब नाही. बाणस्तारीचा पूल, जुनं गोवं, पणजी, मांडवी ओलांडून पर्वरी आणि मग म्हापसा. फक्त शुक्रवारी जाऊ नका, म्हापशाच्या बाजाराच्या गर्दीत वेळ जातो. आसगावची ओळख फुलांचं गाव म्हणून. आता तिथे कॅफे आणि बंगलेही फार झाले आहेत. याच गावात जखमी, बेवारस प्राण्यांना सांभाळणारं शेल्टर आहे. गेल्या जूनमध्ये माझ्या नववीतल्या लेकीच्या हट्टामुळे आम्ही तिथे गेलो.

फाटकाशीच भुंकण्याचा गलका ऐकू आला. आत मात्र सगळं शिस्तीत होतं. पिल्लांचा विभाग वेगळा, आणि हात धुतल्याशिवाय कुणालाही हात लावायचा नाही, कारण पार्वो झपाट्याने पसरतो. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांच्या कानाला खाच होती. ती नसबंदी झाल्याची खूण, असं तिथल्या ताईंनी सांगितलं. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण गोव्यात वर्षानुवर्षं चालू आहे. 2021 साली गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला, त्यामागे हेच कष्ट आहेत.

लोकांना साधारणपणे दोन महिन्यांचं गुबगुबीत पिल्लू हवं असतं. कोपऱ्यात बसलेला हा पाच महिन्यांचा होता. पावसात गटाराकडेला सापडलेला, मागचा पाय मोडून जुळलेला. अंगाचा रंग पिकल्या बोंडूसारखा. लेकीने नाव तिथेच ठरवलं.

मग ताईंनी मला विचारलं, "तीन वर्षांनी ही शिकायला बाहेर गेली, तर याचं कोण करणार?"

लेक खाली बघू लागली. गावठी कुत्रा बारा-चौदा वर्षं सहज जगतो. फॉर्मवर सही मुलांची चालत नाही, ती घरातल्या मोठ्यांनीच करायची. दोन रात्री विचार करून तिसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो आणि मी सही केली. पिल्लू मुलांसाठी आणलं, तरी ते आपलंच होणार हे मनाशी धरूनच जायला हवं.

घरी सासूबाईंचा विरोध होता. "दारात कुत्रा असणं वेगळं, आणि घरात आणणं वेगळं." दर गुरुवारी साखळीच्या दत्ताचं नाव घेणाऱ्या आजीला नातीने तसबिरीतले चार कुत्रे दाखवले. त्या म्हणाल्या, "ते दत्ताचे. हा तुझा. केर तू काढायचास." आणि तसंच ठरलं. बोंडू सोप्यावर आणि हॉलमध्ये, देवघराच्या उंबऱ्याबाहेर.

पहिला आठवडा तो बाकाखालून हलला नाही. शेल्टरमधून बजावलं होतं: ओढून काढू नका, आंघोळ घालू नका, खाणं एकदम बदलू नका. आम्ही नुसतं जवळ बसून राहायचो. सहा ते सोळा आठवड्यांच्या काळातल्या लसी आणि तीन महिन्यांनंतरची रेबीजची लस तिथेच झाली होती. पुढचे डोस आणि नसबंदी ही आमची जबाबदारी. कांदा, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखं, हे फ्रिजवर लिहून लावलं.

खरी परीक्षा चतुर्थीला झाली. फटाके सुरू झाले आणि बोंडू थरथरू लागला. आम्ही खिडक्या लावल्या, टीव्ही मोठा केला. आरतीच्या गडबडीत तो दिसेना. शेवटी सापडला तो सासूबाईंच्या खाटेखाली. त्या वर बसून जपमाळ ओढत होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "राहू दे त्याला. घाबरलंय पोर."

आता पोदेर सकाळी भोंगा वाजवत येतो तेव्हा बोंडू लंगडत फाटकापाशी आधी पोचतो. सासूबाई एक पोई जास्त घेतात. कुणासाठी, ते आम्ही विचारत नाही. लेक बाहेर शिकायला जाईल तेव्हा हा साडेतीन वर्षांचा असेल, आणि सकाळचं फिरवणं माझ्याकडे येईल. त्याची सवय मी आतापासूनच लावून घेतली आहे.