मानशीचं दार

मिरग बरसला की गोव्यातल्या पार्सेकडचा सडा आधी स्वतः पाणी पिऊन घेतो. मे महिन्यात ज्या जांभ्यावर अनवाणी उभं राहवत नाही, तोच श्रावण-भाद्रपदात 'सीतेची आसवं' नावाच्या फुलांनी निळाजांभळा होतो. नाव हळवं, पण झाड मांसाहारी! सड्यावरच्या पातळ मातीत नत्र जवळजवळ नसतं, म्हणून ते पाण्यातले बारीक जीव इवल्या पिशव्यांत पकडून पचवतं. अशा रोपट्याला नाजूक म्हणायला माझी जीभ धजत नाही.

मुरलेलं पाणी उतारावर झरीतून बाहेर येतं, कुळागरातल्या पोफळींना पाजतं आणि उरलंसुरलं शापोरा नदीकाठच्या खाजनात, म्हणजे सखल खारजमिनीत, उतरतं. तिथं त्याची गाठ भरतीच्या खाऱ्या पाण्याशी पडते. पूर्वजांनी तिथं मातीचा बांध घातला आणि त्याला लाकडी दार बसवलं, म्हणजे मानस. भरतीचं पाणी दार दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. पावसानं मीठ धुऊन नेलं की आत कोरगूट भात. उरलेला खार ते सोसतं. कापणीनंतर मुळं-पेंढा कुजतो, त्यावर जिवाणू, त्यांच्यावर सुंगटं (कोळंबी), सुंगटांवर मासे, माशांवर बगळे, पाणमांजरं आणि आपण.

वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सलीनं १९३५ साली सजीव-निर्जीवांच्या अशा गोतावळ्याला 'इकोसिस्टिम' म्हटलं. १९४२ साली परिसंस्था अभ्यासक लिंडमननं दाखवलं की खाणाऱ्याच्या प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा थोडाच भाग वर पोचतो. शाळेतल्या अन्नसाखळीच्या चित्रात मात्र माणूस नसतो, किंवा असला तर थेट शिखरावर. खाजनात तो दाराशी असतो, आणि दार कधी, किती उघडायचं यावरून भांडतही असतो. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. ठेकेदाराला खारं पाणी आत हवं, कारण त्याबरोबर मासे येतात. भातवाल्याला ते नको. ही ओढाताण पूर्वी गावकारी, म्हणजे गावाची जुनी सामुदायिक संस्था, मिटवायची. १९६४ साली कूळ कायदा आला आणि बांधांची जबाबदारी हळूहळू कुळांच्या संघांकडे गेली. कसणाऱ्याला हक्क मिळाला, हे रास्तच. पण कुर्ल्यांनी पोखरलेली भोकं वेळीच बुजवायला चिखलात उतरणारे हात कमी झाले.

बांध फुटला की आधी भात जातं, मग काही वर्षांत आत तिवरं उगवतात. बांधाबाहेरची तिवरं लाटांचा मार झेलून बांध राखतात, आतली मात्र शेत गिळतात. कायद्याला हा फरक दिसत नाही. तिवर तोडायला मनाई म्हणजे मनाई. शहरातून आलेला निसर्गप्रेमी त्या हिरवाईचे फोटो काढून खूश होऊन जातो. शेतकरी म्हणतो, तिथं माझं भात होतं. मला शेतकऱ्याचंच पटतं. बगळे आणि पाणमांजरं त्या शेतातही जगतच होती. फक्त त्या शेताला दर पावसाळ्याआधी बांधावर चिखल घालणारी माणसं लागायची, आणि ती माणसं आता दुसऱ्या कामाला लागली आहेत.