खाली उतरण्याचं वय

गिरगावात म्हातारपण वयापेक्षा मजल्यावर जास्त ठरत आलं आहे. तळमजल्यावरचे आजोबा नव्वदीतही ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत जाऊन भाजीवाल्याशी हुज्जत घालून येत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा विषय मात्र सत्तरीतच ‘आता त्या खाली येत नाहीत’ एवढ्यावर संपे. माझी मोठी आत्या तिसऱ्या मजल्यावरची. जिना लाकडी, उभा, भर दुपारीही अंधारा. धरायला वरून सोडलेला जाड दोर, कित्येकांच्या तळहातांनी गुळगुळीत झालेला. लग्न होऊन आल्यापासून दूध, रेशन, दळण, फडकेवाडीचा गणपती, सगळं ती याच जिन्याने करत होती. एका पावसाळ्यात न्यूमोनिया झाला, काही दिवस अंथरुणात गेले, आणि बरी झाल्यावर ती पुन्हा खाली आलीच नाही. घरचे म्हणत, आजारपणाने खचली. पण आजारपण केव्हाच निघून गेलं होतं. जाताना पाय घेऊन गेलं होतं.

हे इतकं झटपट कसं होतं, याचं उत्तर मला फार उशिरा वाचायला मिळालं. 2007 साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साठी ओलांडलेल्या धडधाकट माणसांना 10 दिवस नुसतं पलंगावर ठेवलं. ताप नाही, खोकला नाही, जेवणखाण नीट. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांचं, चरबी सोडून उरणारं वजन सरासरी जवळजवळ 1 किलोने उतरलं. तरुण माणूस पडून राहिला तर याहून कमी गमावतो आणि ते लवकर भरूनही काढतो. म्हाताऱ्या शरीराला ते सहज जमत नाही. त्यात ताकद उतरते हळूहळू, पण तिचं काम थांबतं एकदम. तिसरा मजला चढायला जेवढा जोर लागतो, त्याहून थोडासाच जास्त जोर अंगात असेल, तर माणूस रोज चढतो आणि कुणाला काही कळत नाही. एखादा ताप येतो, ती थोडीशी शिल्लक खाऊन जातो, आणि जिना कायमचा बंद होतो.

स्नायूंच्या आत काय चाललेलं असतं, तेही ऐकण्यासारखं आहे. स्नायूंच्या तंतूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असतात, आणि उतारवयात त्यांतल्या काही मरतात. त्यांच्या हाताखालचे तंतू पोरके होतात. मग शेजारची जिवंत चेतापेशी आपली एक फांदी वाढवून त्यांना आपल्यात घेते. चाळीत एका घरचे आईबाप गेले की समोरच्या खोलीतली काकू पोरांना जेवायला वाढू लागते, तसं. पण बहुधा घेणारी चेतापेशी संथ कामाची असते, त्यामुळे चपळ तंतूही तिच्याकडे येऊन संथ होतात. ठेचकाळल्यावर पटकन पाय पुढे टाकून तोल सावरायला लागतात ते हेच चपळ तंतू. शिवाय शेजारधर्मालाही मर्यादा असते. काही तंतूंना कुणीच घेत नाही, आणि ते झिजून जातात.

आपल्याकडे तर मुळात भांडवलच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्यात 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आत मांस कमी आणि चरबी जास्त, अशी आपली घडण पाळण्यापासूनची, हे याज्ञिकांनी बाळांची मापं घेऊन दाखवलं. वर आपलं म्हातारपणाचं जेवण म्हणजे मऊ भात, पातळ वरण आणि ‘रात्री दूध घेते थोडं’.

लालबाग-परळच्या चाळींतल्या जिन्यांकडे बघताना मला नेहमी वाटतं, की हे कुणी म्हाताऱ्यांसाठी बांधलेच नव्हते. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडीच्या, 207 चाळी 1920 च्या दशकात उभ्या राहिल्या, तळमजला अधिक तीन, 160 चौरस फुटांच्या खोल्या, संडास मजल्याच्या टोकाला. त्या काळी देशातलं सरासरी आयुर्मान तिशीच्या आत होतं. बालमृत्यूंनी तो आकडा इतका खाली ओढला होता हे खरं, तरी म्हातारी माणसं एकूण थोडीच. आणि जी होती ती इथे नव्हती. कोकणातून, घाटावरून तरुण गडी यायचा, गिरणीत पाळी करायचा, खाणावळीत जेवायचा, खोलीत आळीपाळीने झोपायचा आणि कंबर वाकली की गावी परतायचा. म्हातारपण गावच्या ओटीवर काढायचं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिरण्याच गेल्या. परतायचं म्हटलं तर पोरं इथे, बायकोची खाणावळ इथे, गावचं घर भावकीत अडकलेलं. बापाच्या तरुणपणाच्या मापाने बांधलेल्या जिन्यावर मुलगा म्हातारा झाला.

तरीही या जिन्याने त्याचं भलंच केलं असेल, असं म्हणायला आधार आहे. जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. ती 1953 साली प्रसिद्ध झाली. दोघांची नोकरी एक, वस्ती साधारण सारखी. ड्रायव्हर पाळीभर बसून, तर कंडक्टर दिवसाला 500 ते 750 पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांमध्ये स्पष्टपणे कमी होता, आणि झालाच तर उशिरा. पुढे मॉरिस यांनी गणवेशाच्या पँटींची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा नोकरीला लागतानाच जाड होत्या. म्हणजे सगळं श्रेय पायऱ्यांना देता येत नाही, आणि हे त्यांनी स्वतःच मांडलं, म्हणून मला तो माणूस आवडतो. ते 99 वर्षं जगले. आपल्या बेस्टच्या दुमजली गाड्या 1937 पासून धावत होत्या. तिकिटाचा पंच टकटकवत वरखाली करणाऱ्या आपल्या कंडक्टरांची मापं अशीच कुणी घेतली असती तर वाचायला मजा आली असती.

जिन्याचं कौतुक एवढ्यावर थांबवते, कारण चाळीच्या आठवणींत गहिवरणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. मांडीचं हाड मोडलेल्या आईला खुर्चीत बसवून चौघांनी तिसऱ्या मजल्यावरून उतरवताना ज्यांनी पाहिलं आहे, ते असं गहिवरत नाहीत. चौपाटीवरचं नाना-नानी पार्क छान आहे, पण तिथे पोचायला आधी खाली उतरता यावं लागतं.

आणि उतरायला कारणही लागतं. आमच्या ओळखीत गिरणीच्या साचाखात्यात उभा जन्म काढलेले एक काका होते. मागांच्या खडखडाटात तरुणपणीच कान गेले. पाय शेवटपर्यंत उत्तम, पण नाक्यावरच्या बाकड्यावर चाललेल्या गप्पा कळेनात, चुकीच्या जागी हसायला होई, म्हणून त्यांनी हळूहळू जाणंच सोडलं. टाळता येण्याजोग्या स्मृतिभ्रंशाची कारणं शोधणाऱ्या लॅन्सेट आयोगाच्या 2024 च्या अहवालात 14 गोष्टी आहेत, आणि त्यांत ऐकू न येणं अगदी वरच्यांपैकी आहे. चष्मा लावायला कुणी लाजत नाही. कानातलं यंत्र मात्र देव्हाऱ्याखालच्या खणात पडून असतं.

पण जिना आणि कान राहू देत. सगळ्यात जास्त पाय आपण घरात घालवतो, तेही प्रेमाने. ‘आई, तुम्ही बसा हो, मी आणते.’ ‘बाबा, पिशवी द्या इकडे.’ सून चांगली, मुलगा चांगला, आणि म्हातारी खुर्चीत. आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा मान ठेवायचा म्हणजे त्यांना उठू द्यायचं नाही. पूर्वी निदान जमिनीवर मांडी घालून पंगत असे, दिवसातून दहा वेळा खाली बसणं आणि उठणं होई. ब्राझीलचे डॉ. क्लाउदिओ आराऊजो यांनी 51 ते 80 वयाच्या 2002 जणांना जमिनीवर बसून, शक्यतो हात न टेकता उठायला सांगितलं आणि त्यांना गुण दिले. पुढच्या काही वर्षांत कमी गुणवाल्यांमध्ये मृत्यू बरेच जास्त झाले. 2012 सालचं हे संशोधन. आता आपल्या घरी आरतीलासुद्धा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात. दुखऱ्या गुडघ्यांना त्या हव्यातच, पण ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनाही आपण आग्रहाने बसवतो.

गेलेला जोर परत येतो, ही यातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. 1990 साली बोस्टनमधल्या वृद्धांच्या एका संस्थेत 86 ते 96 वयाच्या, अशक्त झालेल्या दहा जणांना डॉ. मारिया फियातारोने यांनी मांड्यांनी चांगलं जड वजन उचलायला लावलं. एकाने मध्येच सोडलं. उरलेल्या नऊ जणांची ताकद 8 आठवड्यांत सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट. नव्वदीत! शिवाजी पार्कच्या कट्ट्याला पहाटे फेऱ्या मारणारी मंडळी हे ऐकून जरा नाराज होतात. चालणं हृदयाला उत्तम, पण सपाटीवर गप्पा मारत चालताना ते चपळ तंतू फारसे कामाला लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा सल्लाही चालण्यासारख्या व्यायामाखेरीज स्नायूंसाठी आठवड्यातून दोनदा आणि तोल सांभाळण्यासाठी तीनदा वेगळा व्यायाम सांगतो. तिथल्याच ‘समर्थ’च्या व्यायामशाळेसमोरून फेरी मारत जाणाऱ्या किती आजोबांनी कधी आत डोकावलं असेल?

आता आमच्याकडे चाळ पडून टॉवर झाला आहे. बीडीडीतल्याही पहिल्या 556 कुटुंबांना वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांची घरं मिळाली. लिफ्ट आली, संडास घरात आला, आणि माझ्या आईसारख्या असंख्य बायकांची कोंडी सुटली. यावर टीका करणाऱ्याने आधी चाळीत एक पावसाळा काढावा. फक्त घराचं दार बंद झालं आणि जिना ‘फायर एक्झिट’ झाला.

2017 साली प्रसिद्ध झालेला तैवानमधला एक प्रयोग मी आईला वाचून दाखवला. वजनदार वृद्ध बायकांचे दोन गट. एक जिना चढायचा आणि लिफ्टने उतरायचा, दुसरा लिफ्टने चढायचा आणि जिना उतरायचा. 12 आठवड्यांनी उतरणाऱ्यांचे पाय, तोल आणि रक्तातली साखर जास्त सुधारली होती. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन पेलतो, आणि दम न लागता त्याला भरपूर काम पडतं. आईने फिजिओथेरपिस्टकडून गुडघे तपासून घेतले आणि दुपारी तीन मजले खाली, जुन्या चाळीतल्या शेजारणीकडे रमी खेळायला जिन्याने जायला लागली. परत लिफ्टने. जिन्यात चपलांचे स्टँड, कुणाची तरी सायकल, गेल्या वर्षीचं थर्माकोलचं मखर. दिव्याचं बटण कुठे आहे हे वॉचमनलाही ठाऊक नव्हतं.

आईने सोसायटीला अर्ज दिला: सामान काढा, दिवे लावा, भिंतीच्या बाजूनेही कठडा बसवा. सेक्रेटरींनी उत्तर पाठवलं, की जिना फक्त आणीबाणीत वापरायचा आहे. आईने त्याच कागदाच्या मागे लिहून दिलं, ‘माझं वय एकोणऐंशी आहे. आणीबाणी चालू आहे.’ विषय वार्षिक सभेत घेतला आहे, लिफ्टच्या देखभाल कराराच्या खाली.