आजारपणाचा हिशेब

आजारपणाचा हिशेब मांडू नये, असा आपल्या घरांतून एक अलिखित संकेत आहे. लग्नाचा हिशेब मांडतात, घर बांधल्याचा मांडतात, श्राद्धपक्षाचासुद्धा मांडतात. पण घरातले वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले, की त्याच्यावर होणारा खर्च लिहून ठेवणे म्हणजे त्याच्या जिवाची किंमत करणे, असे वाटू लागते. हा संकेत मायेतून आला आहे यात शंका नाही. परंतु गेल्या दीड वर्षात आमच्या घरी जे घडले, त्यावरून ही माया फार महाग पडते, आणि कधीकधी ज्याच्यासाठी ती असते त्याच्याच प्रकृतीवर उठते, असे मला म्हणावेसे वाटते.

आमचे घर साताऱ्यात आहे. सासूबाई ७९ वर्षांच्या. सासरे, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, ८४ वर्षांचे. माझे पती एका खासगी कारखान्यात नोकरीला असून त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे. मुलगा पुण्यात शिकतो. २०२४ च्या श्रावणात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. तो खर्च ठेवीतून भागवला. मोठा होता, पण एकदाच आला आणि गेला. (त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस, ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारत योजनेचे कार्ड मिळू लागले. योजनेतील रुग्णालयात दाखल झाल्यास कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय त्यात आहे. आता दोघांचीही कार्डे काढून ठेवली आहेत.) खरी गळती सुरू झाली ती रुग्ण घरी आल्यानंतर. दिवसाची मावशी, रात्रीची मावशी, फिजिओथेरपी, डायपर, रोजच्या गोळ्या यांपैकी कशालाच असे कार्ड चालत नाही. म्हातारपणाचा बराचसा खर्च रुग्णालयाच्या दाराबाहेर, आपल्या उंबऱ्याच्या आत होतो.

त्यात भर पडते ती घरातल्या प्रत्येकाच्या काळजीची. माझ्या पतींना आईला वेदनेत पाहवत नाही. तिच्या खोलीत ते पाच मिनिटांहून अधिक बसू शकत नसत. मात्र रोज संध्याकाळी येताना किवी, ड्रॅगन फ्रूट असे काहीतरी महागडे घेऊन येत. सासूबाईंना आयुष्यभर आवडले ते वेलची केळे. माझी नणंद बंगळुरूला असते. तिला वारंवार येणे जमत नाही, म्हणून तिच्या सांगण्यावरून खोकी येत राहिली: पाय दाबण्याचे यंत्र, प्रथिनांचे डबे, आधीचे चांगले चालत असतानाही रक्तदाब मोजण्याचे दुसरे यंत्र. काही वस्तूंचे पैसे ती देई, काहींचे दारात आम्ही देत असू. स्वयंपाकाला कोणाला वेळ नसल्याने आठवड्यातून चारदा बाहेरून डबा येई. यांतला एकही खर्च चैनीचा म्हणता येणार नाही. म्हणूनच त्याला आवर घालणे अवघड होते; चैनीला नको म्हणता येते, काळजीला कसे म्हणणार?

ठेवी मोडून महिना भागवायची वेळ दुसऱ्यांदा आली, तेव्हा मी शंभर पानांची एक वही आणली. संगणकावरचे तक्ते आणि मोबाईलवरची साधने मला वर्ज्य नाहीत, परंतु स्वयंपाकघरात हात ओले असताना उपयोगी पडते ती वही. दूधवाल्याचे आणि भांडीवालीचे खाडे कालनिर्णयवर मांडण्याची सवय होतीच. तीच पुढे वाढवली. नियम एकच ठेवला. पैसे कोणीही, कसेही दिलेले असोत, रात्री झोपण्यापूर्वी ते वहीत यायचे. पहिल्या महिन्यात कोणतीही काटकसर केली नाही, फक्त लिहिले.

महिन्याची जमा अशी: अण्णांचे निवृत्तिवेतन ३४ हजार, पतींचा हातात येणारा पगार ६२ हजार, ठेवींचे व्याज ९ हजार, एकूण १ लाख ५ हजार. खर्च निघाला १ लाख ३१ हजार ४००. याच गतीने वर्षाला तीन लाखांहून अधिक ठेव संपणार, आणि दोन वर्षांनी पगारही थांबणार, हे बेरजेखाली रेघ मारताच कळले. ही बेरीज मी पतींना दाखवली. ती अण्णांना सांगायची नाही, त्यांच्या जिवाला घोर नको, असे माझ्या पतींनी आणि नणंदेने आपसांत ठरवले होते.

दुसऱ्या महिन्यात औषधांच्या ओळीपाशी मी अडखळले. पहिल्या महिन्यात औषधांना ११,४०० रुपये लागले होते, या महिन्यात १०,१००. सासूबाईंच्या चिठ्ठीत बदल नव्हता. मग १,३०० रुपये कमी कसे झाले? औषधांच्या दुकानाची बिले काढून पाहिली, तर अण्णांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या त्या महिन्यात घेतल्याच गेल्या नव्हत्या. त्यांच्या कपाटात मागच्या महिन्याची अर्धी भरलेली पाकिटे मिळाली. अण्णा एक दिवसाआड गोळी घेत होते.

विचारल्यावर प्रथम ते हसले. मग म्हणाले, "आधी तिचं होऊ दे. माझं काय, पिकलं पान." ठेव त्यांच्या आणि मुलाच्या जोडनावावर होती. ती मोडल्याचा बँकेचा संदेश अण्णांच्याच मोबाईलवर आला होता, आणि कोणी काही सांगत नाही याचा अर्थ परिस्थिती फारच बिकट आहे, असा त्यांनी लावला होता. मग घरातल्या खर्चातला जो भाग स्वतःच्या ताब्यात होता, तेवढा त्यांनी मुकाट्याने कमी केला. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब १७०/१०० भरला. सकाळी उठताना डोके दुखते ही तक्रार ते पंधरा दिवस करत होते आणि आम्ही सारे ती जागरणावर घालत होतो. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून स्पष्ट सांगितले, की रक्तदाबाची गोळी अशी मनाने चुकवली तर पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि मग घरात एकाऐवजी दोघे अंथरुणावर असतील. ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या वाचकांना मी आग्रहाने सांगेन, की महिन्याअखेरीस औषधाच्या पाकिटांतील शिल्लक गोळ्या मोजाव्यात. आजारी माणसाच्याच नव्हेत, त्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाच्याही. पैसे वाचवण्यासाठी गोळी अर्धी करणारे किंवा चुकवणारे वृद्ध ही गोष्ट कधी बोलून दाखवत नाहीत.

त्याच संध्याकाळी मी वही अण्णांच्या पुढ्यात ठेवली. लपवण्यासारखे आता काही उरले नव्हते. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १९६२ साली सुरू झाल्या आणि अण्णा १९६४ मध्ये जिल्हा परिषदेच्या हिशेब खात्यात चिकटले. निवृत्त झाले ते १९९९ साली. पस्तीस वर्षे ज्यांनी दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप काढले, त्यांना स्वतःच्या घराचा अर्थसंकल्प दाखवायचा नाही, यातला विनोद मला तेव्हाही जाणवत होता. त्यांनी चष्मा पुसला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वही वाचली आणि म्हणाले, "सूनबाई, आकडे चोख आहेत. पण यात लेखाशीर्षे कुठे आहेत? अन् तरतूद नसताना झालेला खर्च म्हणजे अनियमितता." गेल्या कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज इतका खणखणीत मी ऐकला नव्हता.

मग शीर्षे पडली. पहिले शीर्ष अण्णांनी घातले ते "पडझड प्रतिबंध". न्हाणीघरात आणि शौचालयात भिंतीला पकडदांड्या, पाय न घसरणारी जाजमे, रात्री बोळात जळणारा लहान दिवा. सगळे मिळून चार हजारांच्या आत झाले. एका घसरण्याने काय खर्च येतो हे डोळ्यांसमोर असताना या चार हजारांवर चर्चा झालीच नाही. त्याखाली औषधे, दूध-अंडी-डाळी आणि दिवसाच्या मावशींचा पगार. या ओळींना हात लावायचा नाही, असे ठरले. कपात व्हायची ती बाकीच्या ओळींतून.

औषधांना हात लावायचा नाही याचा अर्थ त्यांच्याकडे पाहायचेही नाही, असा मात्र नाही. सासूबाईंच्या सर्व गोळ्या एका पिशवीत घालून आम्ही नेहमीच्या डॉक्टरांकडे नेल्या. पित्ताची एकच गोळी शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी एका नावाने आणि यांनी दुसऱ्या नावाने दिलेली निघाली. दोन्ही चालू होत्या. एक बंद झाली. काही औषधांना जेनेरिक पर्याय चालेल, असे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले. ती आम्ही जनऔषधी केंद्रातून आणू लागलो. यादीतील सगळे तिथे मिळत नाही, पण जे मिळते त्यात ठळक फरक पडतो. फिजिओथेरपिस्ट बाई रोज येत. एका वेळचे ५०० रुपये, म्हणजे रविवार सोडून महिन्याला १३ हजार. त्यांनाच विचारले. आता आठवड्यातून तीनदा पुरेल, मधल्या दिवशीचे व्यायाम मावशींना शिकवते, असे त्या आपणहून म्हणाल्या. वॉकर घेऊन सासूबाई रात्री आधाराने उठू लागल्यावर रात्रीच्या मावशींना निरोप दिला. त्यांचे १५ हजार वाचले. भाड्याने आणलेली खाट परत केली आणि गावातल्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून अनामत भरून दुसरी आणली. अशी केंद्रे अनेक गावांत सेवाभावी मंडळी चालवतात, पण आजारपणाच्या धांदलीत त्यांची आठवण कोणाला होत नाही. मोबाईलवरून दरमहा आपोआप कापले जाणारे तीन हप्ते सापडले. ते कशाचे, हे घरातल्या कोणालाच सांगता येईना.

नणंदेशी बोलणे नाजूक होते. ते अण्णांनी अंगावर घेतले. "बाई, वस्तू पाठवू नकोस. तुझ्या आईच्या फिजिओचे पैसे तू भर," असे त्यांनी फोनवर सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती रडली, आणि मला वाटते, सुटल्यासारखी रडली. तेव्हापासून दर आठवड्याला ती त्या बाईंना परस्पर पैसे पाठवते, आई किती पावले चालली ते विचारते, आणि खोकी येणे थांबले. पतींच्या फळांसाठी रोजची मर्यादा ठरली. त्या मर्यादेत वेलची केळीच बसतात. केळे सोलून आईला भरवायला वेळ लागतो, त्यामुळे ते हल्ली तिच्याजवळ बसतातही.

दोन शीर्षे मला अपेक्षित नव्हती. पहिले "विनाहिशेब". त्यात सासूबाईंना ५०० आणि स्वतः अण्णांना ५०० रुपये, दर महिन्याच्या एक तारखेला, रोख. ते कुठे गेले हे विचारायचे नाही. सासूबाईंची नोट उशीखाली असते. तिच्यातून मावशींच्या नातीला खाऊ मिळतो, नातू आला की त्याच्या मुठीत काहीतरी कोंबले जाते. प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्याकडे हात पसरावा लागणाऱ्या माणसाला, पसरलेल्या हातात काही ठेवता येणे हे केवढे औषध असते, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहते.

दुसरे शीर्ष "सुनेची सुटी". पंधरा दिवसांतून एक रविवार बदली बाई ठेवायची, तिचे ७०० रुपये, म्हणजे महिन्याचे १,४००. मी म्हटले, "अण्णा, ओढाताण असताना हे कशाला?" ते म्हणाले, "तू आजारी पडलीस तर या घरातली सगळी शीर्षे कोसळतील. आणि हे बघ, अखर्चित निधी परत जातो. मार्चअखेर बघायची वेळ आणू नकोस." त्या रविवारी मी काही विशेष करत नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी चालून येते, मैत्रिणीकडे आयता चहा पिते. माझाही रक्तदाब जानेवारीपासून आटोक्यात आहे.

हे सारे सुरळीत चालले आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. दिवाळीत पाहुणे आले आणि किराणा व डबा या दोन ओळी साडेसहा हजारांनी फुगल्या. पतींनी एका दुपारी, जाहिरात पाहून, गुडघ्यांसाठी म्हणून एक तेल मागवले. त्यावर दोन दिवस अबोला झाला. अशा वेळी अण्णा समासात कारण लिहितात आणि पुढल्या महिन्यात ती रक्कम कुठून उभी करायची ते सुचवतात. कोणाला बोलत नाहीत. घरच्या अर्थसंकल्पाचे माझ्या माहितीतले बहुतेक प्रयोग पहिल्या चुकलेल्या महिन्यातच मोडले, कारण त्या रात्री वहीतून उलटतपासणी सुरू झाली. आमची वही अजून टिकून आहे. सध्या खर्च एक लाखाच्या आतबाहेर असतो, आणि वर्षभरात तिसरी ठेव मोडावी लागलेली नाही.

एक प्रश्न मात्र अडून बसला आहे. अण्णांना हल्ली दाराची घंटा ऐकू येत नाही. सासूबाई रात्री हाक मारतात, तीही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तपासणी झाली आहे. श्रवणयंत्राला साधारण चाळीस हजार लागतील. "पुढील आर्थिक वर्षात पाहू," हे त्यांचे ठरलेले उत्तर. तीन महिन्यांपूर्वी मी वहीत "श्रवणयंत्र" असे नवे शीर्ष घातले आणि फिजिओथेरपीच्या वाचलेल्या पैशांतून दरमहा ३ हजार बाजूला काढू लागले. परवानगी मागितली नव्हती. परवा वही उघडली, तर त्या ओळीसमोर त्यांच्या वळणदार अक्षरात "विचाराधीन" असा शेरा होता. आज सकाळी मी त्याखाली नणंदेने पाठवलेले दहा हजार जमा केले आहेत. येत्या मंगळवारी यंत्र कानाला लावून पाहण्यासाठी वेळ घेतली आहे; ते येतो म्हणालेले नाहीत, पण नाही असेही म्हणालेले नाहीत.