पट्टी

डी.एड.ला पाठ घेताना मुलं शहाण्यासारखी बसायची, कारण मागे आमचे सर बसलेले असायचे. इथे जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या ३१ पोरांसमोर मी एकटी. "गप्प बसा" ओरडून आठवड्यात घसा बसला. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मारायला बंदी आहे, हे परीक्षेपुरतं पाठ होतं. तरी एकदा पट्टी टेबलावर आपटलीच. वर्ग चिडीचूप. मला बरं वाटलं, हे जास्त वाईट. पहिल्या रांगेतल्या पोरीने न सांगताच हात पुढे केला होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी कपाटात ठेवली आणि बसलेल्या घशानेच गोष्ट सुरू केली. ऐकू येईना म्हणून मागची पोरं सतरंजीवरून पुढे सरकली. ती पोरगी मात्र हात मांडीखाली दाबून बसली होती.